सोळा मिनिटं आणि दहा दोऱ्या

यूनोसावा, २१ ऑक्टोबर

तीर्थरूप आत्या आणि आत्यांचा उजवा गुडघा, दोघांनाही चिगुसाचा कमरेतून वाकून नमस्कार.

गुडघ्याचं वेगळं विचारते, कारण तुमची तब्येत विचारली की "मला काय धाड भरलीय" एवढंच उत्तर मिळतं, आणि गुडघ्याबद्दल विचारलं की निदान चार वाक्यं तरी बोलता. कानाझावाला थंडी पडायला लागली असेल. लोणच्याचे मुळे वाळत घालायला स्टुलावर चढू नका. शेजारच्या टोफूवाल्याला सांगा, तो उंच आहे आणि तुम्हाला घाबरतो. इथे मी खुशाल आहे, जेवण वेळेवर आहे, आणि हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे. मला काहीही नको आहे. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुमच्याकडचा फोन आपोआप खाली ठेवला जातो, असा गेल्या आठवड्याचा अनुभव आहे.

तर मुरासेकाकूंनी तुम्हाला जे सांगितलं ते खरं आहे. गरम झऱ्यांच्या गावी सांस्कृतिक क्षेत्रात नोकरी लागली असं मी लिहिलं होतं, तेही काही अगदीच खोटं नव्हतं. रंगमंच आहे, पडदा आहे, मध्यंतरात शेंगदाणे विकतात. फक्त या क्षेत्रात नर्तकी येते तेव्हा अंगावर जास्त कपडे असतात आणि जाते तेव्हा कमी, एवढाच काय तो फरक. काकू महिला मंडळाच्या सहलीला आल्या होत्या आणि जाता जाता त्यांना म्हणे सहज बोर्डावर माझा फोटो दिसला. आमचं थिएटर गल्लीच्या आत, मासळीवाल्याच्या मागे आहे. तिथून जाता जाता कोणी जात नाही, मुद्दाम यावं लागतं. (ज्येष्ठांना तिकिटात सवलत असते हेही त्यांना तोंडपाठ होतं, असं कळलं. मी काही बोलत नाही.) त्यानंतर तुमचं कार्ड आलं. "थंडी वाढली आहे. अंगभर घालत जा." पुढे काही नाही, सही नाही. मी ते आरशाला लावून ठेवलंय. सकाळी वाचलं तर रागाचं वाटतं आणि संध्याकाळी वाचलं तर काळजीचं.

असं का केलंस, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. अकरा वर्षं मी तुमच्या नेसवण्याच्या क्लासमध्ये बायकांना किमोनोत गुंडाळलं. नवऱ्या मुली गुंडाळल्या, त्यांच्या आया गुंडाळल्या, एकदा महापौरांची सासू गुंडाळली (तिला तुम्ही इतकं घट्ट बांधलं होतं की बिचारी सबंध समारंभभर उभीच राहिली आणि लोकांनी तिच्या शिस्तीचं कौतुक केलं). प्रत्येक बाई किमोनो नेसून आरशात बघायची, हरखायची आणि लोकांना दाखवायला बाहेर पडायची. मी मागे राहून टाचण्या गोळा करायची. शेवटी क्लासात दोनच विद्यार्थिनी उरल्या आणि त्यातली एक मीच होते. छत्तीस पूर्ण झाली, आत्या. आपल्याकडेही कोणीतरी एकदा नीट बघावं असं वाटलं. त्याच आठवड्यात जाहिरात वाचली. "नर्तकी पाहिजे. वयाची अट नाही. राहण्याची सोय. अनुभव नसल्यास हरकत नाही." मला जन्मात इतकी अनुकूल जाहिरात दिसली नव्हती.

मालकांचं नाव उकाईसाहेब. माणूस चांगला, पण चेहरा कायम दात दुखत असल्यासारखा. काय येतं, म्हणून विचारलं. मी सांगितलं, नाच बरा येतो आणि किमोनोचा कमरपट्टा, ओबी, बेचाळीस प्रकारे बांधता येतो. ते म्हणाले, "बांधण्याचं राहू दे बाई, सोडता येतो का?" मी हसले. मनात म्हटलं, हा काय प्रश्न झाला? अकरा ते वीस असे दहा दिवस मला मिळाले. नवखी म्हणून दिवसाला एकच खेळ, दुपारचा. चार गाणी, मिळून सोळा मिनिटं, आणि शेवटचं गाणं संपताना अंगावर काही उरायचं नाही. दहा दिवसांत जमलं तर बोर्डावर नाव कायम, नाहीतर बॅग भरून परत. परत म्हणजे कुठे, हे साहेबांनी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं.

आत्या, पहिल्या दिवशी विंगेत उभी असताना मला एक गोष्ट लख्ख कळली. तुमच्या क्लासात अकरा वर्षांत सगळं शिकवलं गेलं, फक्त सोडायला कोणी शिकवलं नाही. बायका आपल्याकडून नेसून जायच्या, त्यांचं पुढे घरी काय व्हायचं ते त्यांचं नशीब. मी तुमच्याच पद्धतीने नेसले होते, सगळे थर, ते आवळणाऱ्या दहाच्या दहा दोऱ्या, गाठी पाण्यात भिजवून ओढल्यासारख्या पक्क्या. पहिलं गाणं नाचण्यात गेलं. दुसरं गाणं पहिल्या दोरीत गेलं. तिसऱ्या गाण्यात ओबी सुटला, आणि चार मीटरचं ते रेशीम पायाशी लोळायला लागल्यावर माझ्याने राहवेना. मी रंगमंचावर गुडघे टेकून बसले आणि घडी घालायला घेतली. काठाला काठ जुळवून. (घाईत एकदा तिरकी पडली म्हणून मोडून परत घातली.) समोर बारा माणसं होती. त्यातले एक आजोबा म्हणाले, "सावकाश होऊ दे पोरी, आम्हाला कुठे जायचंय." चौथं गाणं संपलं तेव्हा मी चौथ्या दोरीशी झटत होते आणि अंगावर, तुमच्या भाषेत सांगायचं तर, चारचौघांत जायला पुरेसे कपडे होते.

इथे एक सेनबाकाका आहेत. निवृत्त स्टेशनमास्तर. ते रोज मागे भिंतीला टेकून उभे राहतात, आणि नर्तकीने शेवटची पोझ घेतली की तिच्या डोक्यावरून कागदी फिती फेकतात नि तिला लागायच्या आत झटक्यात मागे ओढून घेतात. असे फितीवाले रसिक प्रत्येक थिएटरात असतात म्हणे. मला काय माहीत? गाणं संपलं, वेळ झाली, काकांनी वेळेवर फेकल्या. मी त्या पकडल्या, नीट गुंडाळल्या, खाली उतरून दोन्ही हातांनी त्यांना परत दिल्या आणि "आपल्या पडल्या वाटतं" असं म्हटलं. थिएटरात इतकी शांतता पसरली की बाहेरचा मासळीवाला ऐकू आला.

आत गेल्यावर उकाईसाहेब कपाळाला हात लावून बसले होते. म्हणाले, "चाळीस वर्षांत विग पडलेली पाहिली, शिंकणारी पाहिली, नवरा समोर बसलेला पाहून पळालेली पाहिली. कपडे घालून परत आलेली पहिलीच!" तेव्हा बेनिओताई मदतीला धावली. ही आमच्यातली सगळ्यात ज्येष्ठ, वय अठ्ठावन्न, कंबर अठ्ठावीसची. तिने मला आपला ओबी दाखवला. आत्या, बसून वाचा. तो शिवलेला होता. गाठ आधीच बांधून शिवलेली, मागे चिकटपट्टी, एक बोट लावलं की सगळं फर्रकन खाली. "घे माझा," ती म्हणाली, "लाजतेस काय?" मी लाजत नव्हते. नागडं उभं राहायला मी आले होतेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण खोटी गाठ? चिकटपट्टीची? माझा चेहरा बघून ताई म्हणाली, "अगं बाई, तुझी अब्रू आहे तरी नक्की कुठे?" मी सांगितलं, पाठीमागे, कमरेच्या जरा वर.

मग मी खऱ्या गाठी घेऊनच रोज जायला लागले. दुसऱ्या दिवशी पाचव्या दोरीपर्यंत पोचले, तिसऱ्या दिवशी सहाव्या. खेळ संपला की सेनबाकाका घड्याळ बघून मोठ्याने जाहीर करायचे, "चिगुसाबाई आज चार मिनिटं दहा सेकंद उशिराने धावत आहेत, गैरसोयीबद्दल क्षमस्व." लोक हसायचे. पण आत्या, बातमी पसरली. पाचव्या दिवशी हॉटेलातल्या मोलकरणी जेवणाची भांडी आटपून येऊन बसल्या. त्या रोज किमोनो नेसणाऱ्या, त्यांना सगळं कळतं. "डावीकडची आधी! अगं डावीकडची! नखाने नको, बोटाच्या पेराने!" अशा ओरडत होत्या. कितवी दोरी सुटेल यावर गोड पावांच्या पैजा लागल्या. सहाव्या दिवशी बटाटेवाल्याने दुकान बंद ठेवलं. सातव्या दिवशी फक्त शेवटची दोरी उरली, गाणं संपलं, आणि सबंध थिएटर एका आवाजात "अरेरे" म्हणालं. मी विंगेत येऊन रडले. बेनिओताई समजूत घालायला लागली, तर मी म्हटलं, ताई, आनंदाने रडतेय, एवढी माणसं मी काहीतरी नीट करावं म्हणून जीव मुठीत धरून बसली होती.

आणि आठव्या दिवशी जमलं. घोटाळा तिथेच झाला. सात दिवसांत माझी बोटं इतकी तरबेज झाली होती की तिसरं गाणं संपायच्या आत दहाही दोऱ्या खाली. चौथं सबंध गाणं मी नुसती उभी. हात कुठे ठेवायचे ते कळेना. सेनबाकाकांनी घड्याळ पाहिलं आणि अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "चार मिनिटं आधी." (नंतर त्यांनी मला समजावलं की उशिरा आलेल्या गाडीला लोक शिव्या देतात, पण वेळेआधी सुटलेल्या गाडीला कोणी माफ करत नाही.) मागून एक मोलकरीण ओरडली, "अगं, परत बांध की!" नवव्या दिवशी मी दुप्पट गाठी मारल्या, दहाव्या दिवशी तिप्पट. उपयोग नाही. माझ्या हाताने मारलेली गाठ माझ्या हाताला आतून माहीत असते, मी नाही म्हटलं तरी बोटं ती उघडून मोकळी होतात. काल शेवटच्या दिवशी दीडशे माणसं होती आणि मी दोन मिनिटं आधी पोचले. टाळ्या वाजल्या, पण लग्नात सासरच्या लोकांनी वाजवाव्यात तशा.

रात्री उकाईसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, एक तारखेपासून पुढचे दहा दिवस देतो, पण पहिल्या आठवड्यातली चिगुसा पाहिजे, ही नको, अशा माझ्याकडे तीन आहेत. बोर्डावर माझं नाव आहे, पण खडूने लिहिलेलं. रंगाने कधी लिहिणार विचारलं, तर म्हणाले, गाठ दाखव, रंग काढतो.

असो. हे आपलं सहज, खुशाली म्हणून लिहिलं. उत्तराची घाई नाही. गुडघ्याला मोहरीचं तेल लावत जा.

तुमची,
चिगुसा

ता. क. वर मला काही नको असं लिहिलं आहे. ते खरं नाही. तुम्ही इथे यायला हवं आहे. परकी गाठ पाहिजे, आणि तीही जी मला अकरा वर्षांत कधी उकलली नाही ती, म्हणजे तुमची. दहा दिवस, दिवसातून एकदा, दुपारी साडेबारा वाजता मला बांधायचं, एवढंच काम. नऊ दिवस मला हरवा. दहाव्या दिवशी वाटलं तर शेवटच्या सेकंदाला सुटेल अशी बांधा, नाही वाटलं तर तसंही नको.

आणखी ता. क. राहायची सोय माझ्या खोलीत आहे. गरम पाण्याचा झरा जिन्याखालीच आहे, डॉक्टर तुमच्या गुडघ्याला जे सांगून थकले ते इथे फुकट मिळतं. नोव्हेंबरात खेकडे सुरू होतात. तिकीट सोबत पाठवलं आहे, ते परत करता येत नाही (हे मी मुद्दाम विचारून घेतलं). मुरासेकाकूंना यातलं सांगू नका, नाहीतर त्या जाता जाता परत येतील.

अगदी शेवटचं ता. क. अशा ठिकाणी पाऊल ठेवणार नाही, असं तुम्ही म्हणाल. पण आत्या, चाळीस वर्षं तुम्ही नवऱ्या मुली नेसवल्यात. सेनबाकाकांनी जन्मभर इथे उभं राहून जेवढ्या बायका तशा पाहिल्या असतील, त्याच्या दसपट तुम्ही एका लग्नसराईत पाहता. तेव्हा ते कारण चालणार नाही. दुसरं कारण असेल, तर ते मला माहीत आहे. मी न सांगता निघून गेले, ते चुकलंच. कबूल करते. तुम्ही प्रत्येकीची शेवटची दोरी ओढलीत की तिच्या पाठीवर थाप मारता आणि "हं, जा आता" म्हणता. बाकीच्या बायका त्यावर हसायच्या. पहिल्या दिवशी विंगेत मी सगळं नीट नेसले होते, आणि तरी ते म्हणणारं मागे कोणी नव्हतं म्हणून माझे पाय उचलत नव्हते. दोऱ्या सैल बांधा, घट्ट बांधा, नाही बांधल्या तरी चालेल. तेवढं म्हणायला या.