रतनचा डावा कान

कात्रज, पुणे
१२ जानेवारी २०२५

ती. मुक्ताताईस आनंदचा सा. न. वि. वि.

तुझ्या रतनच्या उजव्या कानाचं ऑपरेशन काल झालं. पडद्याचं भोक बुजवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान असेच वाहू दिले असते तर पोरगी आईसारखीच बहिरी झाली असती. आपल्या वाडीत कान सगळ्याच पोरांचे फुटतात आणि मोठेपणी आपोआप थांबतात असं मानतात, हे सांगितल्यावर त्या माझ्यावरच डाफरल्या. घ्या! डावा कान मे महिन्यात करायचा आहे.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हा पत्राचा खटाटोप. भाचीबाई मजेत आहेत, रोज हेमामामीकडे वडापाव मागतात. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा आनंद

ठाकरवाडी
२० मार्च २०२५

चि. आनंदास अनेक आशीर्वाद.

रतनचा कान कोरडा आहे. कोंबडीची पिल्लं ओरडतात ते ऐकू येतं म्हणाली. मला तर बाई हर्षाने वेड लागायचंच बाकी होतं. पण हापशावरून आली की तोंड पाडून बसते. विचारलं तर मान फिरवते. तुझ्याकडे फोनवर काही बोलली का? जीव टांगणीला लागलाय. लगेच कळव.

तुझी ताई

कात्रज
२ एप्रिल

ती. ताईस सा. न.

बोलली. हापशावर बायका तुझ्या तोंडावर तुला बहिरट म्हणतात, नको नको ते बोलतात, आणि तू त्यांच्याकडे बघून हसतेस. आधी तिला हे ऐकूच येत नव्हतं. आता डावा कान नको म्हणते. हे तुला लिहावं की नाही, कळेना. रागावू नकोस.

आनंद

ठाकरवाडी
११ एप्रिल

चि. आनंदास आशीर्वाद.

अरे वेड्या, मला का ठाऊक नाही? ओठ हलले की मला सगळं कळतं. भांडून पाणी मिळतं का? म्हणून हसते. लेकीला ऐकू येत नव्हतं, तेवढंच बरं वाटायचं. आता ती माझ्या पाठीमागे बसून रडते. मला ऐकू जात नाही, हे तिला माहीत आहे. वळून पाहिलं की डोळे पुसते. फार वाईट वाटतं रे.

तिचे बाबा म्हणतात, एक कान झाला, पुरे. मी ऐकणार नाही. मे महिन्यात ये आणि तिला घेऊन जा. हातापाया पडली, रडली, तरी घेऊन जा. मला फक्त समोरून बोललेलं कळतं. तिला पाठीमागून बोललेलंही कळलं पाहिजे.

हेमाला आशीर्वाद. आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी ताई
मुक्ता