घाट उतरूनही पांढरी चाके

बुलढाणा, रविवार, ४ एप्रिल १९३७
आजपासून रोजनिशी. कारण चाके.
बदली झालेल्या जंगल-अधिकाऱ्याकडून मोटार घेतली ती चांगलीच. चाकांना पांढरा रंग मी स्वतः उभे राहून लावून घेतला. काल मलकापूर स्टेशनला जाऊन आलो आणि परत येईपर्यंत चारही चाके कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखी. धूळ म्हणावी तर धूळ तांबूस असते. ही काळी, चिकट. बोटाला लागली ती जेवताना भाकरीलाही लागली.
ड्रायव्हर जब्बारला विचारले. म्हणाला, "ब्रेकची भुकटी हाय साहेब. घाट उतरला का ते पडतेच."
"पडतेच" हा शब्द मला मंजूर नाही. याच वृत्तीने हा मुलूख मागे राहिला.
१२ मे रोजी बादशहांच्या राज्यारोहणाची मिरवणूक. डेप्युटी कमिशनर साहेबांच्या मोटारीमागे पहिली मोटार कोणाची हे कमिटीने ठरवायचे आहे. रामराव वकिलाची की माझी. रामरावाची चाके स्वच्छ असतात, कारण तो मोटार कोर्टापलीकडे नेतच नाही. याला कर्तबगारी म्हणत नाहीत.
निश्चय: घाट उतरूनही पांढरी चाके. बारा मेच्या आत.

बुधवार, ७ एप्रिल
चिंच आणि राख. तांब्याचे घंगाळ चकाकते, तर चाक का नाही? जब्बारने अर्धा दिवस घासले. भुकटी गेली. सोबत रंगही गेला. याचा अर्थ चिंच प्रभावी आहे. फक्त प्रमाण चुकले. जब्बारने जोर जास्त लावला.

सोमवार, १२ एप्रिल
रंग पुन्हा दिला. रॉकेल, रिठे, सोडा, सर्व ट्रायल झाले. रिझल्ट संमिश्र. रॉकेलाने चाके स्वच्छ होतात, पण मग रस्त्याची सगळी धूळ बोलावणे पाठवल्यासारखी येऊन बसते.
जब्बार बिडी ओढत बघत होता. त्याला मोटारीचे कौतुक आहे, पण चुकीच्या जागी. तो हिला "बेगम" म्हणतो, बोनेट रुमालाने पुसतो, बकऱ्या दिसल्या की उगाच भोंगा वाजवतो. चाकांबद्दल मात्र म्हणतो, "साहेब, बेगमच्या पायाले धूळ लागनच. ते का पालखीत बसते?"
हसण्यासारखे काही नव्हते. गोजरअक्का मात्र ओसरीवर पदर तोंडाला लावून हसली. माझी मोठी बहीण. विधवा होऊन माझ्याकडे आली तेव्हापासून घर तीच सांभाळते. सोवळे कडक. मोटारीला अजून हात लावलेला नाही.

सोमवार, १९ एप्रिल
अक्काकडून जुन्या लुगड्याच्या टोप्या शिवून घेतल्या, चाकांना घालायला. कल्पना उत्तम होती. पिंपळाच्या पारापर्यंतही टिकल्या नाहीत. एक टोपी उडून कोणा म्हशीच्या शिंगात. पोरे मागे धावली. रामराव तेव्हाच कोर्टातून निघाला होता. त्याने टोपी काढून नमस्कार केला. स्वतःची.
अक्काने फार सैल शिवल्या.

शनिवार, २४ एप्रिल, सकाळ
मूळ सापडले! रात्रभर झोप नाही, पण सापडले.
भुकटी कशाची? ब्रेकची. ब्रेक लावलाच नाही तर? भुकटीच नाही. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाच्या लक्षात आली नाही.
जब्बारला हुकूम: आजपासून सपाट रस्त्यावर ब्रेक बंद. गाडी आधीच हळू करावी, गियरवर आणावी, आणि आपोआप थांबू द्यावी.
तो म्हणाला, "अन् मधात कोणी आलं त?"
मी म्हटले, भोंगा वाजव. त्याची तुला हौस आहेच.

शुक्रवार, ३० एप्रिल
मेथड यशस्वी. गावात आठवडाभर ब्रेक नाही. चाके दुधासारखी. आपल्या फाटकाशी थांबायचे असले तर मोटार थोडी पुढे, पाटलाच्या गोठ्याशी थांबते. तेवढे चालत यावे लागते. चालणे प्रकृतीला चांगले.
आज कमिटीने ठरवले: मिरवणुकीत साहेबांच्या मागची मोटार माझी! शिवाय अकोल्याहून येणाऱ्या रिटायर्ड जज्जसाहेबांना आदल्या दिवशी मलकापूर स्टेशनवरून आणण्याचा मान माझा. रामराव खोकत बसला होता.

शनिवार, १ मे
अडचण. मलकापूरला जायचे म्हणजे राजूरचा घाट उतरायचा. घाटात ब्रेक लावावाच लागेल, ते नाकारण्याएवढा मी हट्टी नाही. म्हणजे मिरवणुकीच्या आदल्या दिवशी चाके काळी. वर जज्जसाहेब ती प्रथम पाहणार.
जब्बार म्हणतो, परत आल्यावर धुऊन देईन. पण जज्जसाहेब तर धुण्याआधीच पाहणार! याला दूरदृष्टी नाही.

रविवार, ९ मे
सुचले. तव्याला तेल असले की धिरडे चिकटत नाही. भुकटी तरी का चिकटावी?
घरात एरंडेलाचा डबा आहे. चाकाला बाहेरून लावून उपयोग नाही, भुकटी आतून येते. तेव्हा जिथून येते तिथेच, आतल्या फटीतून, पिचकारीने.
जब्बारला सांगणार नाही. तो आधी "काऊन?" विचारतो, मग हसतो.

मंगळवार, ११ मे, सकाळ
जब्बार चहाला घरी गेला तेवढ्यात चारही चाकांना भरपूर तेल दिले. बाहेर ओघळले ते पुसले. कुणाला कळणारही नाही.
अक्काने पाहिले. म्हणाली, "रंगा, काऊन रे बावा चाकाले एरंडेल पाजून राह्यला? चाक का बाळंतीण हाय?"
बायकांना यंत्रातले कळत नाही. तिला मोताळ्याला जावेकडे सोडायचे आहे, म्हणून तीही येते आहे. आज प्रथमच मोटारीत बसणार. सोवळ्याचे काय ते तिने देवाशी ठरवले असावे.
चाके बर्फासारखी. निघतो.

गुरुवार, १३ मे, दवाखाना
मनगट मुरगळले आहे, म्हणून अक्षर असे.
मिरवणूक काल झाली. बँड इथपर्यंत ऐकू येत होता. जज्जसाहेबांना रामरावाने आणले.
काय घडले ते नोंदवून ठेवतो, नाहीतर लोक काहीही बोलतील. गावातून घाटाच्या तोंडापर्यंत जब्बारने माझ्या मेथडप्रमाणे ब्रेक लावला नाही. त्याबद्दल मी त्याची तारीफही केली. पहिल्या उतारावर त्याने पाय दाबला. पुन्हा दाबला. मग "या अल्ला" म्हणाला आणि हातब्रेक ओढला. मोटार अधिकच पळत होती. वळणावर समोरून एक दमणी, बैलांची छपराची गाडी, वर येत होती. आत बाई आणि पोरे. एका बाजूला दरी. अक्काने माझा हात धरला होता.
जब्बार ओरडला, "अक्का, खाली वाका!" आणि त्याने मोटार डोंगराच्या अंगाला घातली. स्वतःच्या बाजूने.
दमणी वाचली. अक्काचे गळ्याजवळचे हाड मोडले. जब्बारचा उजवा पाय डॉक्टरांनी काल गुडघ्यावरून कापला. ते चालले होते तेव्हाच बँड वाजत होता.
घाईत वळवले की असे होते.

शनिवार, १५ मे
फौजदार जबानी घ्यायला आला. मी सांगितले: गाडी उतारावर वेगात होती, ड्रायव्हरचा ताबा सुटला. एकही शब्द खोटा नाही.
त्याने विचारले, चाकाच्या आत तेल दिसते, ते कसे?
मी म्हटले, मोटारीला तेल लागतेच. हेही खरे आहे.
जब्बारलाही विचारले म्हणे. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. काही बोलला नाही. म्हणजे त्याला आपली चूक पटली असावी.

मंगळवार, २५ मे
घरी येऊन आठवडा झाला. अक्का माझ्याशी बोलत नाही. हाडाच्या दुखण्याने स्वभाव चिडका होतो, असे डॉक्टर म्हणतात. म्हणजे म्हणत असतील. ताट वाढते आणि आत जाते.
रोज दुपारी गळ्यात झोळी बांधलेला हात घेऊन, दुसऱ्या हातात फडक्यात भाकरी बांधून कुठेतरी जाते. मोकळ्या हवेत फिरणे चांगलेच. पहिले दोन-तीन दिवस परत आल्यावर आंघोळ करत असे. आता तीही करत नाही.

गुरुवार, ३ जून
अक्का जब्बारच्या घरी जाते! गड्याने सांगितले. तिथे बसते, त्याची बायको अजीजुन्निसा हिच्यासोबत धान्य निवडते. गावात चर्चा.
मी तिला स्पष्ट विचारले. बऱ्याच दिवसांनी बोलली. "त्यानं मले वाका म्हटलं. तुले नाही म्हटलं, तरी तू वाचला. जाय, एकदा त्याले भेटून ये."
बरोबर आहे. मालकाने मोठे मन दाखवले पाहिजे. मीही त्याच विचारात होतो.

रविवार, ६ जून, सकाळ
आज जातो. बोलायचे पाठ केले आहे. जब्बार, झाले ते झाले. तुझ्या हातून चूक झाली, पण मी मनात काही ठेवलेले नाही. मी तुला माफ केले आहे. माझ्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर बसून करण्यासारखे काम देतो. इथे थोडे थांबायचे, म्हणजे तो रडेल. मग खांद्यावर हात.

रविवार, ६ जून, संध्याकाळ
जाऊन आलो.
जब्बार अंगणात बाजेवर बसला होता. लुंगी एका बाजूला रिकामी. मला पाहून उठायला गेला, सवयीने, आणि पडता पडता राहिला. अजीजुन्निसाने धरले. अक्का ओट्यावर बसली होती, पुढ्यात ज्वारीने भरलेले सूप.
मी सुरुवात केली. "जब्बार, झाले ते झाले" इथपर्यंत आलो.
तो म्हणाला, "साहेब, अक्कानं मले सारं सांगतलं. तेलाचं. दवाखान्यातच सांगतलं."
मी अक्काकडे पाहिले. ती खडे वेचत होती.
"मी फौजदाराले सांगणार होतो. माही घरवाली बी म्हणे, सांगा. पण अक्का रोज येते. आपल्या हातानं भाकर खाऊ घालते. तिच्या भावाले तिच्यासमोर कसं नेऊ द्यू? म्हून तुम्हाले माफ केलं मी. आता जा. अन् इथं येऊ नका."
रागाने बोलला असता तर उत्तर देता आले असते. तो रागात नव्हता. थकलेला होता.
पुढचे सगळे पाठ होते. कामाचे, फाटकाचे. मी "बरं" म्हणालो. ते "बरं" कशाला म्हणालो, याचा रस्ताभर विचार करत होतो.
निघताना अक्काला म्हटले, चल, उन्हं उतरली, घरी जाऊ.
तिने एका हाताने सूप हलवले. वर न पाहता म्हणाली, "तू जाय."
आलो.