बिडो

मास्तर,

काल मैदानावर पहिल्या वर्षाच्या एका मुलाने मला विचारलं, "सर, बिडो म्हणजे काय हो?" तीस वर्षं मी कॉलेजातल्या मुलांना बांबूची उडी शिकवतो आहे, तीस वर्षं ती वर गेली की खालून 'बिडो!' म्हणून ओरडतो आहे, पण आजवर एकानेही हे विचारलं नव्हतं. उडीतलाच कसलातरी इंग्रजी शब्द असेल, असं सगळे धरून चालले होते. एका हुशाराने तर तो वहीत व्याख्येसकट लिहून ठेवला होता. मी त्या मुलाला म्हटलं, "माझ्या मास्तरांचा शब्द आहे, उद्या सांगतो." पण त्याला सांगण्याआधी तुम्हाला सांगायला बसलो आहे, कारण या शब्दाची खरी हकीकत तुम्हालाही कधी कळली नाही. आता तुम्हाला जाऊनही तीस वर्षं होतील.

आपली पहिली भेट आठवते ना? मी सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा, इंग्रजी शाळेसाठी सोलापुरात आलेला. भवानी पेठेत मामाचा घोंगड्यांचा धंदा होता, त्याच्याकडे राहायचो. येताना दप्तर, घोंगडी आणि माझी काठी एवढंच आणलं होतं. एका सकाळी गिरणीचा भोंगा ऐकूनही पुन्हा डोळा लागला आणि शाळेत पोचलो तर फाटक बंद. आम्ही गावाकडे ओढा ओलांडतो तशी काठी टेकली, अंग झोकलं, आणि भिंतीपलीकडे नेमका तुमच्या पुढ्यात उतरलो. तुम्ही ड्रिल मास्तर. खाकी अर्धी विजार, आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत अधू झालेला डावा पाय. तुम्ही म्हणालात, "पुन्हा मार." मला वाटलं, आता मार बसणार आणि तोही पुन्हा पुन्हा. मी हात पुढे केला. तुम्ही म्हणालात, "अरे, उडी मार."

तिथून माझ्या सकाळी तुमच्या झाल्या. तुम्ही एक लांब, सरळ बांबू निवडून आणलात आणि आठवडाभर त्याला करडईचं तेल पाजलंत. मैदानाच्या कडेला खड्डा खणून त्यात वाळू टाकलीत आणि वर गिरणीतला वाया गेलेला कापूस. उडी मारून खड्ड्यातून बाहेर आलो की मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, आणि वर्गातली मुलं मला 'आजोबा' म्हणायची. तुम्ही स्वतः आयुष्यात एकही उडी मारली नव्हती. पलटणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाकडून मिळालेलं एक चित्रांचं पुस्तक होतं, त्यावरून सगळं चाललेलं. धावायची पावलं तुम्ही खडूने जमिनीवर आखायचात, बरोबर चौदा, आणि वहीत लिहून ठेवायचात. तुमचं मूळ गाव अक्कलकोटकडचं, घरात कानडी. शाळेत तुम्ही अगदी छापील मराठी बोलायचात. पण मी बांबू टेकून वर गेलो की तुमचं भान सुटायचं, आणि खालून एकच आरोळी यायची, "बिडो!"

मी काय ऐकायचो, ते आता सांगतो. मी ऐकायचो, 'भिडो!' आमच्याकडे कुणी भिड म्हटलं की मागे हटायचं नसतं. मास्तर भिडायला सांगताहेत म्हणून मी बांबू आणखी घट्ट आवळायचो. त्यात माझ्या बापाचा कायदा लहानपणापासून हाडात मुरलेला, "काठी हाय तर आपण हाय. जीव गेला तरी काठी सोडायची न्हाय." ओढ्यावर ते खरंच आहे, पलीकडे उतरताना काठीही सोबत आणायची असते. पण इथे अंग दोन खांबांवर ठेवलेल्या आडकाठीवरून पार व्हायचं आणि माझ्या मुठीतला बांबू मागून येऊन तिला खाली पाडायचा. दिवाळीच्या आधीपासून हेच चाललेलं. तुम्ही ओरडताय सोड, मी धरतोय घट्ट, आणि तुम्ही जितक्या जोरात ओरडाल तितका मी जोरात धरतोय. आज हसू येतं. तेव्हा रडू यायचं.

कारण माझं सगळंच त्या आडकाठीवर टांगलेलं होतं. इंग्रजीत मी दोनदा नापास झालो होतो आणि हेडमास्तर पटावरून माझं नाव काढायला निघाले होते. तुम्ही मध्ये पडलात. शाळाशाळांच्या सामन्यांत पोराने शाळेचं नाव काढलं तर त्याला आणखी एक वर्ष द्या, इंग्रजी मी करून घेतो, म्हणालात. तुमचं स्वतःचं इंग्रजी लेफ्ट-राइटच्या पुढे जात नव्हतं, हे हेडमास्तरांनाही ठाऊक होतं. माझा बाप शाळेत आला तेव्हा त्याने तुम्हाला विचारलं, "उड्या मारून कुटं प्वाट भरतंय व्हय, मास्तर? तुमी म्हणताय म्हून संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठंपत्तूर ठेवतो. न्हाय जमलं तर पोरगं मेंढरांमागं." मला मेंढरांचा कंटाळा नव्हता. मला शाळा हवी होती, एवढंच.

सामन्यांना चार दिवस राहिले आणि मी सलग सहा वेळा आडकाठी पाडली. तुम्ही खडू फेकून दिलात आणि सगळ्या मुलांदेखत म्हणालात, "तुझ्यात दमच नाही. जा, मेंढरं राख." ते शब्द मला फार लागले. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर आलोच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आलो, तर तुम्ही बांबू माझ्या हातात दिलात. जिथे मी पकडायचो तिथे तुम्ही तुमची पलटणीतली पायपट्टी फाडून गुंडाळली होतीत. बसऱ्याला ती तुमच्या पायावर होती. तुम्ही माफी मागितली नाहीत. "घसरत होता ना," एवढंच म्हणालात. मी मान डोलावली. बांबू मुळीच घसरत नव्हता.

सामन्यांच्या आदल्या दिवशी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. तुम्ही बाहेर बसून वहीत पावलांचा हिशेब करत होता आणि मी स्वयंपाकघरात, अव्वांच्या समोर. तुमच्या पत्नींना आम्ही सगळी मुलं अव्वाच, म्हणजे कानडीत आईच, म्हणायचो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि अव्वा ताक घुसळताहेत. तुमचा धाकटा रांगत येऊन रवीची दोरी धरून बसतो. अव्वा म्हणतात, "बिडो! ए, बिडो!" आणि पोरगं दोरी सोडून देतं. माझा घास हातातच राहिला.

"अव्वा, भिड म्हणालात आणि त्यानं सोडली कशी?"

"भिड नव्हं रं, बिडो. बिडो म्हंजी सोड की!"

तेवढ्यात तुम्ही वही घेऊन आत आलात, चेहरा उजळलेला. "सापडलं! चौदा पावलं कमी पडतात. उद्या सोळा." तुम्ही इतके खूश होता की बिडोचं मी तुम्हाला सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सामने आपल्याच मैदानावर होते, कारण कापसाचा खड्डा दुसऱ्या कुठल्याच शाळेकडे नव्हता. बाप दोरीपलीकडे उभा, डोक्याला लाल पटका, हातात काठी. शब्दाचा अर्थ आता मला कळला होता, पण वर गेल्यावर मला बाप दिसायचा, त्याची काठीवरची मूठ दिसायची, आणि माझी मूठ काही उघडेना. दोनदा आडकाठी पडली. आता शेवटची उडी. मी धावलो, बांबू टेकला, वर गेलो. खालून तुमची आरोळी आली, आणि पहिल्यांदाच ती मला 'सोड!' अशी ऐकू आली. मी हात उघडले. बांबू मागे गेला, मी पुढे गेलो आणि कापसात पडलो. वर बघतो तर आडकाठी जागच्या जागी.

लोक ओरडत होते. बाप दोरीखालून आत शिरला तो माझ्याकडे नाही, बांबूकडे धावला. धोतराच्या सोग्याने त्याची माती पुसली आणि तुमच्यासमोर नेऊन धरला. "मास्तर, पोराच्या हातनं काठी पडली की!"

"पडली नाही," तुम्ही म्हणालात, "सोडली त्याने."

बापाने आडकाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पांढराशुभ्र, भुवयांपर्यंत कापूस. मग तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग हितंच. म्हातारपणी कसा दिसंल त्ये बी आजच बघून घेतलं."

मास्तर, त्याने बघितलं तसाच मी आज दिसतो.

मी शिकलो, आणि मला कॉलेजात नोकरी लागली. आधी बांबू होते, मग धातूचे दांडे आले. सोलापूर, विजापूर, लातूर, कुठकुठली मुलं उडवली. तुम्ही मात्र त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगत राहिलात की सगळी करामत त्या वाढवलेल्या दोन पावलांची. कॉलेजातल्या नोकरीची बातमी कळल्यावर तुमचं कार्ड आलं, त्यातही शेवटची ओळ हीच, 'सोळा पावलं विसरू नकोस.' तीन महिन्यांनी दुसरं कार्ड आलं, तुम्ही गेल्याचं.

तर ऐका. अव्वांनी अर्थ सांगितला म्हणून मी बांबू सोडला, ही एक गोष्ट. दुसरी सांगायला मला जास्त जड जातं. त्या शेवटच्या उडीला मी सोळा पावलं टाकलीच नव्हती. गडबडलो होतो, सवयीने जुन्याच खुणेवरून धावलो आणि चौदाच पडली. मी मोजली होती.

हे पत्र तुमच्या पायपट्टीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवतो. थोड्या वेळाने मैदानावर जाईन आणि त्या मुलाला बिडोचा अर्थ सांगेन. पावलं किती, असं त्याने विचारलं, तर मात्र सोळाच सांगेन.