लेकीला दिलेला होकार

ताडकळस, ता. ४ फेब्रुवारी २०२४

चि. सुकेशनीस अ. उ. आ.,

फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि ओरडून बोललो तर सगळी वस्ती ऐकते. म्हणून पत्र.

तू विद्यापीठाकडून आलीस. आपल्याकडं कधी जमिनीखाली गॅस सापडला आणि खडकात पाणी दाबून तो काढायचं ठरलं, तर तुम्हाला चालेल का, असं घरोघर विचारलंस. सगळ्या वस्तीनं हो म्हटलं. पण बाई गं, आता रोज माझ्या दारात माणसं. मशीन कधी यायलीय, तिच्यापुढं आडवं कुठं पडायचं, विहिरी नासल्या तर गचांडी कुणाची धरायची, असं विचारायलेत! मी म्हटलं, मग हो कशाला म्हणालात? तर म्हणे, सितारामची पुतणी कधी न्हाई ते दारात आली, तिला न्हाई कसं म्हणावं? लेकराचं काम होऊन जाऊ द्या. आता खरं सांगतो, मीही त्याच पायी हो म्हणालो.

एकेकाची समजूत काढून लय दमलो. काय करायचं ते तू ठरव. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा काका,
सिताराम

पुणे, ता. १० फेब्रुवारी

ती. काकांस सविनय जयभीम. वि. वि.,

पत्र वाचून आधी हसले, मग डोकं धरून बसले. इतक्या गावांत होकार देणारी आपलीच एक वस्ती, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी प्रबंधात तीच पुढे ठेवली होती. हे असंच छापलं, तर उद्या कुणी तोच कागद नाचवत मशीन घेऊन येईल. सरांना सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली. आपल्या वस्तीची उत्तरं काढून टाकली, प्रबंध लांबला. आता कशातच मन लागत नाही.

पुन्हा विचारायला माझी मैत्रीण रोहिणी येईल. ती आपली कुणी नाही, असंच सांगा. नुसता चहा द्या. जेवायला घातलंत, तर तीही गावची लेक होऊन बसेल!

पाठीवर हात असू द्यावा.

आपली,
सुकेशनी

ताडकळस, ता. २५ फेब्रुवारी

चि. सुकेशनीस अ. उ. आ.,

रोहिणी येऊन गेली. या बारीला सगळ्यांनी तोंडावर नको म्हणून सांगितलं, मीसुद्धा. एकट्या सरजाबाईनं हो म्हटलं. तुला कडेवर घेऊन फिरायची, ती शेजारची सरजाबाई. तिचं सगळं त्या एका विहिरीवर, तिला कुठला गॅस हवाय? मागून विचारलं, तर म्हणाली, आपल्या लेकीला हो म्हटलं, आता परक्या पोरीला न्हाई म्हणून आपली लेक खोटी कशी पाडू?

रोहिणीला मी हे सांगून पाहिलं. तिचंही तोंड उतरलं, पण जे बोलल्या तेच लिहावं लागतं म्हणाली. तिचं काम आटोपलं आणि मग मी तिला पोटभर जेवू घातलं. राहवलं न्हाई.

तर तुझ्या प्रबंधात आपल्या वस्तीचा एक होकार राहील. त्याच्याखाली एखादी ओळ लिहिता आली तर लिही, की तो गॅसला दिलेला न्हाई.

सरजाबाई विचारत होती, पोरीचं काम झालं का? झालं, म्हणून सांगितलंय. आता सावकाश कर, पण कर.

तुझा काका,
सिताराम