वादीखालून जाणारं पाणी

बाबा, तू चुकला होतास. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा मी भलतीकडे भरकटेन.

आखातात, आपल्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर तू शोधांचा तक्ता चिकटवला होतास. चाक, छपाई, वाफेचं इंजिन, तार, ट्रान्झिस्टर. ओळीने म्हटल्याशिवाय पोहे नाहीत. शाळेच्या सहलीहून आल्यावर मी चाकाखाली पेनाने 'फलज' लिहिलं. डोंगराच्या पोटातलं पाणी नुसत्या उतारावर गावापर्यंत आणणारे ते पाट मी पहिल्यांदाच पाहिले होते. तू विचारतोस, "कोणी शोधला? नाव सांग." मला येत नाही. "नाव नाही तो शोध नाही. आणि पाण्याचं मला शिकवू नकोस, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर आहे मी." आई पोहे वाढता वाढता म्हणते, "अहो, मग बाथरूमचा नळ कधी दुरुस्त करताय?" तू हसलास, पण 'फलज'वर व्हाइटनर फिरवलंसच.

तू गेलास, मी डिप्लोमा अर्धा सोडला, चार ठिकाणी भटकलो. आता निझवाच्या पलीकडे फलज दुरुस्त करणाऱ्या टोळीत आहे. इथे पाटाला वादी आडवी येते, म्हणजे कोरडी नदी, पाऊस झाला की सगळं ओढून नेणारी. म्हणून जुन्या लोकांनी पाणी या काठाला खाली उतरवलं, नदीच्या तळाखालून नेलं आणि त्या काठाला वर काढलं. पंप नाही, हा काठ थोडा उंच, तेवढ्याच जोरावर. गाळ उपसून पाणी सोडलं तेव्हा माझा विश्वास बसेना. इकडे लिंबाचं पान टाकलं आणि पलीकडे धावलो. वाटेत एका बकरीने माझी टोपी खाल्ली, ते जाऊ दे. अर्बाब, म्हणजे आमचा इथला मालक, ओरडला, "यल्ला! पानी देखने का पगार नहीं मिलता!" तेवढ्यात पान वर आलं, गरगर फिरत. मी नाचलो. अर्बाब म्हणाला, "तेरे को क्या लगा, मेरा दादा लोग झूठ बोला?"

यांचीही नावं कुणाला माहीत नाहीत, बाबा. तुझ्या तक्त्यात जागा नसेल तर तक्ता बदल.

काकाने पुण्यात डिप्लोम्यासाठी सीट धरून ठेवलीय. "तुझ्या बाबाची इच्छा होती" म्हणतो. असेल. मी जाणार नाही. पुढचा बोगदा ढासळलाय, तो मला बांधायचाय. भाजलेल्या मातीचा गिलावा मळायला शिकतोय, अजून तडे जातात.

हे कुठे धाडायचं नाहीच. आणि खरं सांगू? आईला यातलं काही बोललेलो नाही. तिचा फोन आला की पुण्याचं तिकीट बघतोय म्हणतो. तुझ्याशी भांडणं सोपं आहे, तू रडत नाहीस.