सायीसारखं छत

२ मार्च

आले एकदाची सासरी. या घरातली माणसं पाहुण्याला 'बस' म्हणायच्या आधी 'वर बघ' म्हणतात. सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, छतं करायचा धंदा. खाली कारखाना, वर दोन मजल्यांचं घर, आणि घरातली प्रत्येक खोली म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना. बैठकीच्या छताला प्लास्टरची वेल आहे, पानांच्या शिरासुद्धा दिसाव्यात इतकी निगुतीनं काढलेली. स्वयंपाकघरात ठसे उमटवलेला पत्रा. खाली चमचा पडला तरी वर घुमतो. जिन्यावर लाकडी चौकटी आहेत, खिळा न मारता खाचांत बसवलेल्या. आमच्या खोलीत ताणून बसवलेलं निळं कापड. मी स्वतः प्लास्टरच्या फुलांचे साचे करते, अशाच एका कामावर नवऱ्याशी गाठ पडली, त्यामुळे मला सासरी आल्यासारखं वाटतच नाहीये. नणंद म्हणाली की खाली मान घालणारी सून इथे उपाशी मरेल. पोट धरून हसलो. तिला मी ताई म्हणायचं ठरलंय. एवढ्या उकाड्यात ती गळाबंद, लांब बाह्यांचे कपडे घालते, तेवढं मात्र नवल वाटलं.

सासूबाई नाहीत. लग्न ठरतानाच नवऱ्यानं सांगितलं होतं, आई वर गेली. अशा गोष्टी कोण खोदून विचारतं.

५ मार्च

जेवणाच्या खोलीत गिऱ्हाइकांना नेत नाहीत. कारण आज कळलं. तिथलं छत विकायचं नाही.

दूध तापवून ठेवल्यावर जशी जाड, पिवळसर, सुरकुतलेली साय धरते, थेट तसं ते दिसतं. मधोमध जरा लोंबतं. नक्षी म्हणून काही नाही, पण जवळून पाहिलं तर बारीक बारीक रेषा, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि त्यांच्यात लव. मी कौतुकानं विचारलं की यात काय मिसळलंय. बाबा म्हणाले, घरचंच सगळं.

जेवताना वरून एक थेंब ताईच्या ताटात पडला. कोमट असावा, कोंदट वास आला, बरेच दिवस न सोडलेल्या बँडेजसारखा. तिनं तो भातात कालवला आणि बोलता बोलता घास तोंडात घातला. मला पुढचा घास गिळेना. पोट बिघडलंय असं सांगून उठले.

९ मार्च

आज मला छताला तेल लावायला सांगितलं. आठवड्याला लावावं लागतं म्हणे, नाहीतर ते तडकतं. बाबांचे खांदे दुखतात आणि ताईला आता जमत नाही. नव्या सुनेनं पहिल्याच कामाला नाही कसं म्हणायचं. रंगाऱ्यांचा शिडीचा घोडा लावला, वर चढले. ब्रश मागितला तर बाबा म्हणाले, हातानंच लाव, ब्रश टोचतो.

छत गरम होतं. दुपारच्या उन्हानं तापलेलं नव्हे. आजारी माणसाच्या पाठीसारखं गरम. तळहात फिरवला की ते थोडं मागे सरायचं आणि मग हाताला येऊन चिकटायचं. जिथून माझा हात गेला तिथे त्याच्यावर काटा आला. लव उभी राहिली. मी डोळ्यांनी पाहिलं.

खाली उतरून मोरीत ओकले. हात साबणानं तीनदा धुतले तरी नखांत काहीतरी पांढरं, मऊ राहिलंच. नवरा म्हणाला, सवय होते.

१३ मार्च

कुठल्याही छताला सांधा असतो. ते कशाला तरी टांगलेलं असतं. आज घरात कोणी नसताना मी तो शोधला. सांधा नाही. दातांभोवती हिरडी असते तसं ते भिंतीच्या कडेला फुगून घट्ट बसलंय. पटाशीनं कोपरा जरासा उचकटला. रक्त नाही आलं. लस आली. पटाशीवरून ओघळून मनगटापर्यंत. मग सगळं छत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकदाच आखडलं.

संध्याकाळी तिथे खपली धरली होती. बाबा रागावले नाहीत. घोड्यावर चढून, पोराच्या सोललेल्या गुडघ्यावर घालतात तशी त्यांनी हळू फुंकर घातली. मग मला म्हणाले, "तिला दुखतं गं."

मी विचारलं, कोणाला.

"तुझ्या सासूला."

१४ मार्च

नवऱ्याला धारेवर धरलं. त्यानं काही लपवलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाला, वर गेली असं सांगितलं होतं की तुला. आईला कातडीचा आजार होता. पापुद्रे निघायचे, ओंजळभर. ती जेवणाच्या खोलीतच पडून असायची, सगळे जेवायला बसले की तिला बरं वाटायचं. बाबांना ते पापुद्रे टाकवले नाहीत. त्यांना जी कला येत होती ती त्यांनी केली. थरावर थर. ती गेली तेव्हा छत अर्धंच झालं होतं. उरलेलं आपोआप वाढलं.

आपोआप कसं, मी विचारलं. तो ताईच्या खोलीकडे बघत बसला.

१५ मार्च

ताईनं कपडे उतरवून पाठ दाखवली. पाठ नाहीच तिथे. म्हणजे आहे, पण कांद्याच्या आतल्या पाकळीसारखी, ओली, आरपार. मणके दिसतात. छताला हात लावला की आपली कातडी सुटायला लागते, म्हणाली, दुखत नाही, उलट खाज शमते. बाबा अलगद काढतात आणि वर चिकटवतात. आता माझ्या अंगावर नवी कातडी धरत नाही, म्हणाली. म्हणून तर दादाला लग्न करायला सांगितलं.

हे ती माझा हात हातात घेऊन, मायेनं सांगत होती. माझ्या तळव्याचा पापुद्रा तिच्या बोटांना लागून आला. तिनं तो टाकला नाही. पदरात बांधून ठेवावा तसा रुमालात—

मी आईला फोन केला. सगळं सांगता येईना. एवढंच म्हटलं, ये आणि मला घेऊन जा.

१७ मार्च

ताप. दोन्ही हात कोपरापर्यंत सोलले. चादर पाठीला चिकटलीय, उठायला गेले की ओढ बसते, आणि फाटल्याचा आवाज येतो, तो चादरीचा नाही.

नवरा वाटीत गोळा करतो. माझ्या समोर. उकडलेल्या बटाट्याची सालं काढावीत तसं, शीळ घालत.

किळस येते. अजून येते, हे बरं आहे. ताईला येत नाही.

१८ मार्च

मला जेवणाच्या खोलीशेजारी आणून टाकलंय. दार उघडं. इथून छताचा एक कोपरा दिसतो. नवा भाग. तिथला तीळ माझा आहे.

आवाज फुटत नाही, घशातूनही काहीतरी सुटतंय, सकाळी थुंकले ते—

नको.

१९ मार्च

आई आली. खालून तिचा आवाज ऐकला. रडले, डोळ्यांभोवती झोंबलं.

बाबा तिला घर दाखवतायत. मी झोपलेय, जरा वेळानं उठवू, असं सांगितलं त्यांनी. वेल पाहून झाली. पत्रा. जिना चढली, गुडघ्यावर हात ठेवून चढते तशी, दमानं. आता जेवणाच्या खोलीत.

अगंबाई, म्हणतेय, हे किती मऊ दिसतंय.

मी पलंगावर हात आपटतेय. ओलं, नुसतं फत् फत् होतंय, तिला नाही ऐकू जात.

बाबा म्हणाले, हात लावून बघा ना विहीणबाई. ताईनं घोडा आणला. धरून उभी आहे, पडू नका म्हणतेय. आई चपला काढतेय. आईचे पाय दिसतात दारातून, एक पायरी, दुसरी, टाचा उचलल्या तिनं, आई, वर नको, हात खाली घे, आ