नळीवरचा बर्फ

शुक्रवार, २५ जुलै. रिग्गई

फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरवर चालणारं, एसीतला गॅस बाटलीत ओढून घ्यायचं यंत्र, त्याची गाळणी, नळ्यांची जोडणी, खालची चाकांची गाडी. सगळं माझ्या हातचं. कुठल्या कॉलेजात गेलो नाही, पण एकही जोड गळत नाही.

आज एका इमारतीच्या गच्चीवर एसी बसवायला गेलो, तर माझ्या शेजारच्या बंगाली दुकानातला जमाल, चट्टग्रामचा, जुन्या एसीतला गॅस सरळ हवेत सोडत होता. आखातातल्या एवढ्या उकाड्यात नळीच्या तोंडावर पांढरा बर्फ धरला होता. मी म्हटलं, "अरे भाई, इसी गैस से गरमी बढ़ती है."

तो हसला. "उस्ताद, मशीन तो आप दिया नहीं. अब गैस जेब में डालूँ?"

ओढलेला गॅस गाळून मी पुन्हा विकतो. आमच्या गल्लीत ते फक्त मलाच जमतं. ते तसंच राहावं, एवढंच ना मला हवं होतं?

परवा टीव्हीवर हवामानाची परिषद दाखवत होते. प्रत्येक देश म्हणतोय, आधी तुम्ही करा. जेवता जेवता मी बायकोला म्हटलं, "बघ, कसे आपमतलबी." तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टीव्ही बंद केला. तिला मार्चमधलं माहीत होतं.

तो बर्फ डोळ्यांसमोरून जात नाही.

मार्चमध्ये गल्लीतली एसीची बाकी तिन्ही दुकानं, मिसरी म्हणजे इजिप्तवाले, बंगाली आणि मलबारी, एकत्र येऊन माझ्याकडे तीन यंत्रं मागत होती. सामान त्यांचं, बनवायचं आणि शिकवायचं मी. साडेचारशे दिनार देत होते. मी नाही म्हणालो.